शिरोरेषेचा शेवटचा टाका

मालवणच्या बाजारात बाळांच्या दुपट्यांवर अक्षरं भरून देणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. माझ्या नातीचं नाव मीरा, एवढं मात्र सांगितलं. तेही मला बायकोकडून कळलेलं.

त्यांनी साबणाच्या पातळ तुकड्याने कापडावर ‘म’ काढला, पुसला, पुन्हा काढला. त्याच्या गाठीत शिंपला बसवला, दांड्याला माडाच्या खोडासारखी वळणं दिली आणि भरायला घेतला. दुपारभर मी समोरच बसलो. दहाव्यांदा वाकून पाहिलं तेव्हा त्या हसल्या.

“धीर धरा ओ आजोबा! अक्षर खंय पळान जाता?”

शिरोरेषा संपत आली आणि त्यांनी हात थांबवला. दोऱ्यासकट सुई कापडात खोचून दुपटं माझ्यापुढे केलं.

“शेवटचो टाको मी घालनय नाय. तो बाळाच्या आवशीन घालूचो.”

मग जे कुणाजवळ बोललो नव्हतो, ते बोलून गेलो. “तिची आई, म्हणजे माझी मुलगी, माझ्याशी बोलत नाही. चूक माझीच. तिने स्वतः ठरवलेल्या लग्नाला मी गेलो नाही, तिच्या आईलाही जाऊ दिलं नाही.”

सुई पक्की बसलीय ना, ते त्यांनी बोटाने चाचपलं. “मगे कायएक बोलू नकात. सुई तिच्या हातात दिया आणि बाजूक बसा.”

आता मुलीच्या गावी, खारेपाटणला जाणाऱ्या एसटीत दुपटं मांडीवर आहे. दर वळणाला हात सुईकडे जातो. मुलीला काय सांगायचं, ते पाच वर्षांत सुचलं नव्हतं. बोलायचंच नाही म्हटल्यावर कधी एकदा पोहोचतो असं झालंय.