आईनं न मारलेली हाक

"ते सोडून काय बी म्हनायला लाव," असं म्हणून आईनं माइककडं पाठ केली.

केडगावला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर आमच्या गेम स्टुडिओच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून आम्ही रेकॉर्डिंग रूम केली होती. गोधड्या आईनंच शिवलेल्या. त्यांच्या मधोमध ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. माझी पार्टनर स्नेहल हेडफोन लावून वाट बघत होती. आईनं एकच शब्द म्हणायचा होता. रंगनाथ.

रंगनाथ हे आमच्या गेमच्या हिरोचं नाव. माझ्या वडिलांचं, दादांचंही तेच.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. सुरुवातीला आम्ही लग्नपत्रिकांचे व्हिडिओ केले, शाळांसाठी पाढ्यांचं ॲप केलं. मग एक कबड्डीचा गेम काढला, तो मित्रांनीसुद्धा डाउनलोड केला नाही. 'धुळीतली वाट' हा पहिला गेम, ज्याला पब्लिशर मिळाला. पब्लिशर म्हणजे गेमला पैसा लावून तो बाजारात नेणारी कंपनी. हिरोला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही. पाथर्डीकडच्या माळावर आयुष्यभर शेळ्या वळलेल्या माणसाचं नाव जगभर जावं असं वाटलं. तो अभिमान मला अजून आहे.

पण त्या अभिमानात एक गोष्ट डोक्यातच आली नाही. आईच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलेलंच नव्हतं. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच.

गेम साधा आहे. शेळ्या घेऊन निघालेला रंगनाथ वावटळीत सापडतो. स्क्रीनभर धूळ, समोरचं काही दिसत नाही. घरून बायको हाक मारते. हेडफोनमध्ये हाक डाव्या कानात मोठी आली की डावीकडं वळायचं. आमच्या धंद्यात याला स्पेशिअल ऑडिओ म्हणतात, म्हणजे आवाज कुठून येतोय हे कानाला कळतं. सगळा गेम त्या हाकेवर उभा. आवाजासाठी कलाकार आणणं परवडणारं नव्हतं, आणि आईसारखी हाक दुसरं कोण मारणार, म्हणून तिलाच बोलावलं.

"मग तू दादांना कशी बोलवायचीस?" मी विचारलं.

"अवो म्हनून. न्हाईतर ताट वाजवायची पळीनं. तेन्ला बरुबर कळायचं."

"आणि दुसऱ्या घरचं ताट वाजलं तर?"

"दुसऱ्याचं ताट आन् आपलं ताट कळत न्हाई व्हय? शाळा शिकलास का काय केलंस?"

स्नेहल हसली. आम्ही 'अवोऽऽ' घेतलं, ताट घेतलं, शेळ्यांवर ओरडणं घेतलं. आई खुशीत अर्धा तास बोलली. जाताना स्नेहलला म्हणाली, "माझा आवाज नीट ठेव गं बाई. सर्दी झालेली हाय."

पुढच्या आठवड्यात पब्लिशरकडच्या शिरीष सरांचा फोन आला. ते बंगळूरला बसतात, मूळचे नाशिकचे.

"सुनील, टेस्टिंगला बसलेले लोक नुसते गोल फिरतायत. 'अवो' ही आपल्यासाठी हाक आहे हेच कळत नाही त्यांना. नावानं हाक पाहिजे."

"सर, आई नाव घेत नाही."

"मग दुसरी बाई घ्या."

"बाकीचा सगळा गेम काकूंच्या आवाजात आहे," स्पीकरवर ऐकत असलेली स्नेहल मध्येच म्हणाली.

"मग टूल वापरा ना! आवाजाचा नमुना आहे तुमच्याकडं. शुक्रवारी डेमो टाकायचाय."

टूल म्हणजे एआयचं. माणसाचं थोडं बोलणं त्याला ऐकवलं की त्याच आवाजात ते पाहिजे ते वाक्य म्हणून दाखवतं. फोन ठेवल्यावर स्नेहल म्हणाली, "एकदा काकूंना विचार."

"तिला काय कळणार त्यातलं?" मी म्हणालो.

हे मी म्हणालो. ज्या बाईनं ऊसतोडीला जाऊन माझ्या हॉस्टेलचा खर्च भागवला, तिच्याबद्दल.

टूलनं चहा निवायच्या आत काम केलं. "रंगनाथऽऽ!" हुबेहूब आई. शेवटचा सूर थोडा फाटतो, तोसुद्धा. स्नेहलनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी त्या फाइलला 'तात्पुरती' असं नाव दिलं. आमच्या धंद्यात खरी वस्तू येईपर्यंत जागा अडवायला असं काहीतरी ठेवतात आणि मग बदलतात. मी ते बदललं नाही. शुक्रवारी डेमो गेला. लोकांना आवडला. 'ती हाक ऐकून अंगावर काटा येतो,' असं कुणीतरी लिहिलं, आणि मी ते डेमोच्या लिंकसकट सगळ्या ग्रुपवर टाकलं.

गावच्या ग्रुपवरसुद्धा.

दोन दिवसांनी चुलतभावाचा फोन आला. "सुन्या, घरी येऊन जा. दादा जेवंना झालेत."

मी पोचलो तेव्हा दादा ओट्यावर बसले होते, आई आत चुलीपाशी. मला बघूनही ती उठली नाही.

दादाच बोलले. "पारावर पोरांनी मोबाईल लावला. समदी मला हसाया लागली. म्हनली, रंगनाथराव, मालकीन बोलवतीया, जावा की घरला! मी म्हनलं, ही तिची हाक न्हाई. पन आवाज तिचाच. मी वळकीत न्हाई व्हय?"

"दादा..."

"घरी येऊन तिला इचारलं. ती म्हनती, म्या न्हाई म्हनले." त्यांनी आत बघितलं. "हसले त्याचं काय न्हाई. पन मला कदी म्हनली न्हाई, आन् मोबाईलला म्हनली. वर खोटं बी बोलती."

आतून आईचा आवाज आला. "म्या न्हाई म्हनले. इचारा तेला."

"ती खरं बोलतीय दादा. आईनं नाव घेतलंच नाही. ते मशीननं म्हटलंय."

"मशीनला हिचा आवाज कुनी दिला?"

"मी."

 दादा उठून आत गेले. चुलीपाशी उभं राहून म्हणाले, "वाढ जेवायला."

आईनं ताट वाढलं. पण रडत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तुझ्या दादानला पटलं. त्ये घरचं हायेत. पारावरल्यांना कोन सांगत बसंल? म्या म्हनले न्हाई म्हनून सांगाया गेले तर माझाच आवाज मला खोटं पाडतूया."

 

केडगावला परतल्यावर पहिलं काम ती फाइल काढायचं केलं. शिरीष सर चिडले. "चालती गोष्ट का बिघडवताय?"

"सर, ती हाक आमची नाही."

"कायदेशीर काही आहे का?"

"नाही. आईचं आहे."

त्या हाकेच्या जागी ताट घातलं. आईनं त्या दिवशी पळीनं वाजवलेलं. सुरुवातीला एक छोटा सीन टाकला, बायको ताट वाजवते आणि रंगनाथ मान वर करतो. खेळणाऱ्यांना खूण कळली. पण पहिल्यासारखा काटा येत नाही, असं काही जणांनी लिहिलं. ते खरंही असेल. पब्लिशरनं पुढचा गेम आमच्याकडून घेतला नाही.

प्रत्येक अपडेटसोबत काय बदललं ते एका ओळीत लिहावं लागतं. स्नेहलनं विचारलं, काय लिहू? शेवटी आम्ही लिहिलं, 'किरकोळ ऑडिओ दुरुस्त्या.'

मी पारावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, ते बोलणं आईचं नव्हतं, माझी करणी होती. काहींनी मान डोलवली. एक जण म्हणाला, "आईला वाचवाया बोलतंय पोरगं." आईनं विचारलं, "समद्या मोबाईलमदनं गेलं का ते?" ज्यांनी अपडेट केलं त्यांच्यातून गेलं. बाकीच्यांचं माझ्या हातात नाही. मी तिला तसंच सांगितलं.

आता स्टुडिओत नियम आहे. ज्याचा आवाज, त्यानं म्हटलेलंच वाक्य घ्यायचं, आणि घेतलेलं त्याला ऐकवून मगच पुढं पाठवायचं. नव्याला पहिल्या दिवशी हे सांगतो. कारण विचारलं तर तेही सांगतो.

आई माझ्यावर रागावलेली नाही. गेलो की भाकरी करते, शेजाऱ्यांची उणीदुणी काढते. पण माझा मोबाईल बाजेवर दिसला की बोलता बोलता गप्प होते. मी उठतो, मोबाईल आतल्या खोलीत ठेवून दार लोटतो, परत येऊन बसतो. मग ती बोलायला लागते.