मूठ उघड, माय

"मूठ उघड, माय."

सकाळी शाळेच्या दारात उभं राहून आमच्या बाई प्रत्येक मुलीला हेच म्हणायच्या. मुलगा असला तर "मूठ उघड, बापा." पोर मूठ उघडायचं. आत हरभरे, मूग, कधी मटकी. घरून आणलेली ती मूठ दाराजवळच्या पातेल्यात पडायची, रात्रभर भिजायची आणि दुसऱ्या दिवशी उकडून, मीठ-लिंबू लावून एका परातीत वर्गाच्या मधोमध यायची. सगळ्यांचे हात एकाच परातीत.

केनवडच्या पुढच्या त्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. मी रिसोडहून येणारा, डब्यावर हात आडवा धरून जेवणारा. बाईंना ते खपत नसे. "सर, एकट्यानं खाल्लेलं आंगाले लागत नाही," म्हणत त्या माझ्या डब्यातच उसळ वाढायच्या. तुम्हालाही शाळेत अशी एखादी बाई भेटली असेल. ज्याच्या घरी मूठही नसे, त्याची मूठ बाई गुपचूप टाकायच्या. मला ते कळायचं, कारण लपवाछपवी त्यांना अजिबात जमत नसे.

मागच्या साली पेरण्या आटोपल्या होत्या. पहिलीतली एक मुलगी उशिरा आली. प्रार्थना सुरू झाली होती, दारात बाई नव्हत्या. तिनं आपली मूठ आपणच पातेल्यात सोडली. दुसऱ्या दिवशी बाईंनी झाकण काढलं, तर पाणी गुलाबी.

पेरून उरलेलं सोयाबीनचं बियाणं, कीड लागू नये म्हणून गुलाबी विषारी औषध लावलेलं. आमच्याकडे ते कोंबड्यांनाही कोणी टाकत नाही.

बाईंनी विचारताच तिनं हात वर केला. "काहून आनलं, माय?"

"घरी दुसरं काही नोहोतं, बाई. अन् साजरं दिसे."

कोणी एक दाणाही खाल्ला नव्हता. बाईंनी सगळं खड्ड्यात पुरलं, पातेल्यासकट. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पालक आले. "आमच्या लेकराले काही झालं असतं त?" त्यांचं चुकत नव्हतं, हेच वाईट. एरवी कोणाचं न ऐकणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "बरोबर हाय तुमचं."

परात बंद झाली. पोरांच्या हाती दुकानातली चकचकीत पाकिटं आली. मधल्या सुट्टीत जो तो भिंतीकडे तोंड करून खाऊ लागला. बाईंनी केळी आणून पाहिली, तर पोरं म्हणाली, "माय नाही म्हनते." त्या मुलीशेजारी कोणी बसेना. 'औषधवाली' म्हणायचे तिला. मला त्या पोरांचा राग यायचा आणि मग माझीच लाज वाटायची. सहा वर्षांच्या लेकरांवर काय रागवायचं!

ती यायचीच बंद झाली. बाई तिच्या घरी खेटे घालून थकल्या. ती दाराआड लपायची. "परात गेली त गेली, सर," बाई म्हणायच्या, "पन माह्या रिटायरमेंटच्या आंधी ते लेकरू वर्गात बसलं पायजे."

बाईंच्या निरोपाच्या दिवशी ती आली. दारातच थांबली. हात पाठीमागे, मुठी आवळलेल्या. हार गळ्यात तसाच ठेवून बाई धावल्या आणि तिच्यासमोर खाली बसल्या. त्यांचा चेहरा इतका फुललेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"मूठ उघड, माय."

तिनं दोन्ही मुठी उघडल्या. रिकाम्या होत्या.

"काहीच नाही आनलं, बाई. पाहा." तळवे उलटेसुलटे करून तिनं दाखवले आणि उंबरठा न ओलांडताच घराकडे निघून गेली. बाई दारात तशाच बसून राहिल्या.