काही लोकांचा डबा

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कसं बोलावं याचे नियम मीच लिहिले आहेत. त्यातला मुख्य नियम असा: जे सांगायचं ते नाव घेऊन, सरळ आणि गोड शब्दांत सांगावं; 'काही लोक' वगैरे मोघम टोमणे मारू नयेत. (तीस वर्षं शाळेत शिकवलं की माणसाला नियम लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.)

तर माझ्या आईचा डबा हरवला. स्टीलचा, पितळी कडीचा, झाकणावर आईचं नाव कोरलेला. लेकीच्या, मुक्ताच्या, लग्नात तो रुखवतात ठेवायचाच असं मी ठरवलं होतं, आणि डबा कुठेच नाही! संशय धाकट्या जावेवर, निफाडच्या रेवतीवर. दिवाळीत ती माझ्याकडून चिवडा घेऊन गेली होती.

"मग फोन करून विचार ना तिला," हे म्हणाले.

"एका डब्यासाठी फोन? काय म्हणेल ती!"

आणि मी ग्रुपवर लिहिलं, "काही लोकांना डबा नेताना दोन हात असतात, परत करताना एकही नसतो. कुणी मनाला लावून घेऊ नये." खाली जोडलेले हात.

पहिलं उत्तर रेवतीचंच. "अगदी खरं, ताई! असतात काही लोक असे!" वर अंगठा. कप्पाळ माझं!

ती सोडून बाकी सगळ्यांनी मात्र मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटीतले चुलत दीर पूजा आटोपून सोवळ्यातच दोन डबे घेऊन दारात. "वहिनी, तुमचेच असतील. नसले तरी ठेवा!" मामेसासूबाईंनी रिक्षातून तीन पाठवले. संध्याकाळपर्यंत अकरा डबे जमले आणि त्यातला एकही माझा नव्हता! शिवाय आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. चौघांनी शेंगदाण्याची चटणी भरून दिली होती. आम्ही दोन्ही वेळेला चटणी खात होतो.

तेवढ्यात मुक्ता फोन घेऊन आली. रडवेली. "आई, आत्या ग्रुप सोडून गेली."

वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, आदल्याच आठवड्यात मेथीच्या लाडवांचा डबा घेऊन गेल्या होत्या. आणि रविवारी मुक्ताचं केळवण त्यांच्याच घरी, गंगापूर रोडला! मी फोन केला, उचलला नाही. यांचा उचलला. म्हणाल्या, "केळवण होईल. जेवण पत्रावळीवर. कुणाच्या भांड्याला मी आता हात लावत नाही."

"आत्याने मला अंगाखांद्यावर खेळवलंय," मुक्ता म्हणाली. "ती रुसलेली असेल तर मला केळवणच नको. तू निस्तर हे."

मी निस्तरायला घेतलं. ओट्यावर अकरा डबे मांडले, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: "आपापले डबे न्यावेत. बोलणं वन्संना उद्देशून नव्हतं." (मग कुणाला होतं, ते लिहायचं धाडस झालं नाही. नियम दुसऱ्यांसाठी असतात!)

लगेच रेवती. "ताई, फोटोत मागे फळीवर मोठा डबा आहे ना, त्यावर 'सौ. विमल' कोरलंय का? मी मोठं करून बघितलं." आणि पाठोपाठ, "बाकी मला चिवडा तुम्ही पिशवीत दिला होता हं."

विमल म्हणजे वन्संच! आणि हे बेचाळीस माणसांच्या ग्रुपवर! मी वर पाहिलं. मुक्ताच्या बारशाला वन्सं घुगऱ्या घेऊन आल्या होत्या, तोच डबा. मुक्ता आता पंचविशीला आली!

स्टुलावर चढून तो खाली काढला, झाकण उघडलं, तर आत जुन्या ओढणीत गुंडाळलेला माझ्या आईचा डबा! कुणी नेऊ नये म्हणून मीच तिथे लपवलेला. मी तो छातीशी धरून ढसाढसा रडले. मग तो कपाटात ठेवला, डोळे पुसले, मोठा डबा उचलला आणि स्कूटर काढली.

"वन्सं, तुमचा डबा माझ्याकडेच होता," मी दारातच सांगून टाकलं. "तो टोमणाही तुम्हाला नव्हता, रेवतीला होता. आणि तिचाही दोष नव्हता. माझं चुकलं." सरळ बोलायला एवढाच वेळ लागतो, हे मला साठीत कळलं.

वन्संनी डबा फिरवून पाहिला. "माहीत होतं गं मला. दर वेळी फळीवर दिसायचा."

"अहो, मग मागायचा की!"

"एका डब्यासाठी? काय म्हणशील तू!" त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "रविवारी सगळे या. मुक्ताला चांदीच्या ताटात वाढते."

मी तरंगतच घरी आले. तोवर मुक्ताने आत्याला ग्रुपवर परत घेतलं होतं आणि वन्संचा पहिला निरोप येऊन पडला होता. अगदी माझ्या नियमाप्रमाणे, नाव घेऊन, सरळ आणि गोड शब्दांत, बेचाळीस जणांसमोर:

"सुनंदा बाळा, डबा मिळाला. रिकामा दिलास."

त्यावर पहिला अंगठा आमच्या यांचा!