नवलभाऊंची बकरी

माझे दाजी नवलभाऊ पुरुषोत्तमनगरला राहतात आणि सातपुड्यातल्या पाड्यांवर लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांना वचन सांगत फिरतात. मंडळी म्हणजे कुठे पाच घरं, कुठे सात. मोटारसायकल ते चालवतात, मागे ढोलकी घेऊन मी. लोक त्यांना पास्टर म्हणतात. माझ्या मते ते एका बकरीचे मालक आहेत.

कारण दाजींकडे उपदेश एकच, हरवलेल्या मेंढराचा. तिकडे मेंढरं कुणी पाळत नाही, म्हणून दाजींनी त्याची बकरी केली. ती दरीत उतरते, करवंदीच्या जाळीत अडकते, गुराखी हाका मारत फिरतो, काट्यांनी हात सोलून घेतो आणि शेवटी तिला खांद्यावर टाकून घरी आणतो. इथे दाजी रडतात. खरंच रडतात, म्हणून तर मला जास्त राग येतो. एका पाड्यावर परत जायला वर्ष लागतं, तोवर लोक विसरत असतील असं दाजी धरून चालायचे.

यंदा गोची झाली. सकाळी जालमसिंगच्या पाड्यावर बकरी सापडली, जेवणं झाली. पुढचा रस्ता खचलेला, म्हणून गाडी तिथेच ठेवून आम्ही पायी निघालो. पाहुण्याला पुढच्या पाड्यापर्यंत पोचवायची तिकडे रीत आहे. पण पोचवून माणसं परत जातात. ही गेली नाहीत. जालमसिंग, त्याची म्हातारी आई जसोदाबाई, सुना, पोरं, सगळी पुढच्या पाड्यावर पहिल्याच रांगेत ऐसपैस बसली.

दाजींचं तोंड उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "धीरज, यास्नी सकायलेच ऐकी लिनं. आते तेच सांगसू त म्हनतीन, याले एकच येस. परत कोन बलावी?"

"मग दुसरं सांगा ना, दाजी," मी म्हणालो. मला तर बरंच वाटलं.

दाजी बायबलातल्या पौलाच्या पत्रावर बोलायला लागले. विश्वास, कृपा, नियमशास्त्र. त्यांना घाम फुटला. भिंतीला टेकलेला एक म्हातारा घोरायला लागला. ढोलकी मांडीवरून घसरली तेव्हा कळलं, मलाही डुलकी लागली होती.

दाजींनी कसंबसं आवरतं घेतलं आणि प्रार्थनेला डोळे मिटले. तेवढ्यात जसोदाबाई उठली. दाजींना कळावं म्हणून ती आपली पावरी बोली सोडून अहिराणीत बोलली.

"पास्टर, बकरीनं काय झायं?"

"सकायले सांगं ना, माय. सापडनी ती."

"ती सकायनी गोट. आते ती दरीमाच शे." मग म्हणाली, "मन्हा धाकला गुजरातमा कामले गया, त्याना फोन नही. जितला वार बकरी घर येस, तितला वार माले वाटस, तो बी येई. मागला सालपासून वाट देखी ऱ्हायनू मी तुन्ही."

म्हणजे कुणी काही विसरलं नव्हतं. पुस्तक मिटून दाजींनी पहिल्यापासून सुरुवात केली. बकरी दरीत उतरली. पुढचं मला तोंडपाठ होतं, तरी जाळीपाशी माझा जीव वरखाली व्हायला लागला. या वेळी सापडते की नाही, असं वाटायला लागलं.

गुराख्याने तिला खांद्यावर घेतलं तेव्हा दाजी रडले. मी त्यांच्या आधीच सुरुवात केली होती.