सुपारीएवढी तुरटी

सबंध आदिलाबादेत जांभळाच्या रसासमोर आवाज खाली करून बोलणारा माणूस एकच असेल, आणि ते माझे मावसाजी. त्यांची सगळ्यात महत्त्वाची बरणी मी नासवली. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

मावसाजी आबकारी कचेरीत कारकून. दिवसभर लोकांच्या मोहाच्या दारूचे पंचनामे लिहायचे आणि जांभळं आली की जवळच्या मावला गावातल्या घरी स्वतः पाटीभर फळं कुस्करायला बसायचे. त्याला दारू म्हटलेलं त्यांना चालत नसे, ते ‘आसव’. त्यांचे कचेरीतले जोडीदार मुन्शीजी म्हणत, “भाऊ, पयला छापा तुमच्याच घरी टाकू काय?” रस आंबून बुडबुडे थांबले की काचेची बरणी मागच्या गार खोलीत जाई आणि घरात जमावबंदी लागू होई. उखळ शेजारणीकडे. भिंतीला अंग घासते म्हणून म्हैस परसाच्या दुसऱ्या टोकाला. एकदा मला दारातच जोरात शिंक आली, तर मावसाजींनी आधी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हळू! गाळ बसून राह्यला.” मावशी चुलीपुढून म्हणाली, “माह्या बाळंतपणात इतकं हळू नाई चालले कधी!”

दिवाळीच्या सुमारास बाटल्या भरायच्या. बरणी हलवायची नाही, कलती करायची नाही; रबरी नळी वरच्या अंगाला बुडवून आसव हळूहळू उतरवायचं आणि तळाची चार बोटं तशीच सोडायची. मग मुन्शीजींनी पहिली बाटली समईपुढे धरायची. बाटलीतून ज्योतीचं टोक स्पष्ट दिसलं की म्हणायचं, “पास!” त्यानंतर दोघं वाटी वाटी घेत आणि पुढच्या जांभळापर्यंत त्या रंगाच्या गप्पा करत. मावसाजींना वर्षभर पुरेल एवढी शाबासकी त्या एका शब्दात असे.

राज्यांची नवी मांडणी झाली ते वर्ष. पैनगंगेकाठचा किनवट मुंबई राज्याकडे गेला, आम्ही आंध्रात राहिलो. मुन्शीजींचं घर किनवटचं. त्यांनी तिकडची नोकरी मागून घेतली. मावसाजी फक्त म्हणाले, “जाताना त्याले आरशासारखी बाटली देतो.” पण त्या वर्षी पाऊस लांबला, बरणी उशिरा शांत झाली. निघायचा दिवस उजाडला तरी रस गढूळच. मावसाजी बुचं आणायला बाजारात गेले, ते पडलेल्या चेहऱ्यानं.

मी तेव्हा चांगला कर्ता होतो, त्यांच्याच ओसरीत किराणा दुकान चालवत होतो. पावसाळ्यात नदीचं पाणी मी रोज तुरटी फिरवून निवळतो, मग हेही निवळेल, असं वाटलं. बाही सारली, सुपारीएवढी तुरटी मुठीत धरली आणि बरणीत हात घालून चांगली गरगर फिरवली. महिनोन्महिने बसलेला सगळा गाळ वर उसळला. मी झाकण लावलं आणि गल्ल्यावर जाऊन बसलो.

संध्याकाळी बाटली समईपुढे आली. ज्योत दिसलीच नाही. मुन्शीजींनी तरीही वाटी तोंडाला लावली, जीभ आखडली. कसंबसं हसून म्हणाले, “भाऊ, मी चाललो म्हून राग काढला काय?”

मावसाजींना वाटलं, आपलाच हात गेला, कसब सरलं. लाजेनं ते काही बोलले नाहीत. मुन्शीजींनी त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेतला. मी दारात उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं.

नव्या सीमेच्या दोन बाजूंना दोघं बसून राहिले. ना पत्र, ना भेट. पुढच्या जांभळांना बरणीत लिंबाचं लोणचं पडलं. “हात गेला आता,” एवढंच मावसाजी म्हणत, आणि म्हैस पुन्हा भिंतीशी बांधली गेली.

माझे केस पांढरे झाल्यावर, गेल्या पावसाळ्यात, पाण्यात तुरटी फिरवता फिरवता माझा हात थांबला. मावसाजी बाजेवर बसले होते. तिथंच सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, “केवढी होती?”

“सुपारीएवढी.”

“अन् हात घातला तू? बरणीत?”

“कोपरापर्यंत.”

त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. “म्हंजे हात शाबूत होता माह्या.” मग एकदम काठी घेऊन उठले. “मले काऊन सांगतं? मुन्शीले सांग.”

दुसऱ्या दिवशी आम्ही किनवटला. मुन्शीजी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मावसाजी दिसताच टोपलं त्यांच्या मांडीवरून घसरलं. दोघांपैकी कुणीच पुढे होईना. मावसाजींनी काठीनं मला पुढे ढकललं.

मी पायरीशी वाकलो. “मुन्शीजी, त्या दिवशी मावसाजींचा राग नव्हता. बरणीत तुरटी मी फिरवली, अन् तुमच्यासमोर उभा राहून गप्प बसलो. तुमचा भाऊ मी तोडला. मले माफ करा.”