तक्रारीसमोर उभे राहायला शिकवणारे भालेराव सर

आदरणीय यशवंतराव भालेराव सरांची पहिली भेट श्रीरामपूरला, तांत्रिक शाळेच्या कार्यशाळेत झाली. साखर कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून मी विहिरीवरच्या पंपांसाठी फूटव्हॉल्व्ह बनवायचे ठरवले होते. पंप थांबला तरी पाइपातले पाणी खाली उतरू नये म्हणून तळाशी बसवायची ही झडप. आपले शेतकरी तिला सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. सर त्या शाळेत शिकवत आणि नवा धंदा काढणाऱ्यांना सल्लाही देत. त्यांनी माझे ड्रॉइंग पाहिले, दोन मापे सुधारली आणि विचारले, “माल खराब निघाला तर काय कराल?”

“निघणारच नाही,” मी म्हणालो.

“हात तयार आहे तुमचा. मन अजून व्हायचंय,” सर म्हणाले. मला राग आला होता, हे आज कबूल करतो.

सहा महिन्यांत पारनेरकडून तक्रारी आल्या. व्हॉल्व्ह गळत होते. गिऱ्हाईक दिसले की मी मागच्या दाराने निघून जाई, आणि “ते नगरला गेलेत” असे खोटे पत्नीला बोलावे लागे. नव्या ऑर्डरी घेणे मी थांबवले. कारखान्यात परत घेतील का, याचीही चौकशी केली. शेवटी पत्नीनेच सरांना गाठले.

रविवारी सकाळी सर दारात हजर. “चला, पारनेरला जाऊ.”

“तुम्ही बोलाल ना, सर?”

“मी सोबत येतो.”

ज्ञानोबा नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर आम्ही पोहोचलो. मला पाहताच ते कडाडले, “मिस्तरी, ह्यो फुटबॉल हाय का चाळनी? रोज पंपात पानी वतून हात मोडलं माजं!”

मी सरांकडे पाहिले. सर विहिरीत पाहत राहिले. अखेर मीच म्हणालो, “चूक माझी आहे. कुठे गळतंय, दाखवता का?”

ज्ञानोबांनी व्हॉल्व्ह आणून आतली चामड्याची चकती दाखवली. “हिरीचं पानी खाली गेलं की चामडं उघडं पडतं, वाळतं, वाकडं हुतं. रबर टाका की!” त्यांनीच जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. थेंबही गळला नाही. निघताना त्यांनी आम्हाला जेवायला बसवले.

परतीच्या बसमध्ये मी विचारले, “सर, तुम्ही काहीच का बोलला नाहीत?”

“बोललो असतो, तर पुढच्या वेळीही तुम्ही मलाच शोधलं असतंत.” मग हळूच म्हणाले, “तरुणपणी माझंही वर्कशॉप होतं. एका गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं टाळलं, मग दुसऱ्याला. वर्षभरात कुलूप लागलं. काम मला येत होतं हो!”

हे ते सहसा कुणाला सांगत नाहीत. लिहिण्याची परवानगी मात्र आनंदाने दिली.

सरांचे औषध प्रत्येकाला वेगळे. नानकटाई करणाऱ्या मार्थाबाईंना दुकानदारासमोर शब्द फुटत नसे. सर स्वतः दुकानदार होऊन त्यांच्याकडून बोलणे घोटून घेत. एकदम तीन यंत्रे घ्यायला निघालेल्या एका उत्साही गृहस्थाला त्यांनी वर्षभर एकाच यंत्रावर थोपवले. दोघांचेही आज छान चालले आहे. माझ्या शेडमध्येही चार कामगार आहेत, आणि तक्रार आली की मी स्वतः जातो.

सर साठ वर्षांचे झाले. गुडघे कुरकुरतात, तरी भर उन्हात सायकलवरून कुणाच्या ना कुणाच्या शेडवर जाणे चालूच असते. देव त्यांना भरपूर आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती देवो. शिवाय दुपारी तासभर आडवे होण्याची बुद्धीही देवो, अशी सौ. भालेराव वहिनींची मागणी आहे. तिला आम्हा सर्वांचे मनापासून अनुमोदन.