बहिणीची गोगलगाय

माझी धाकटी बहीण समुद्रातल्या गोगलगाईंचा अभ्यास करते. नंदुरबारात कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते, कारण पुढचं मलाच नीट कळत नाही. काही वर्षांपूर्वी तिने एक नवी जात शोधली. मोहरीच्या दाण्याहून लहान, उजेड पोचत नाही इतक्या खोल पाण्यातली. तिच्या हाती दोनच शंख लागले होते. आईने गल्लीभर पेढे वाटले.

गेल्या हिवाळ्यात बहीण सुटीला आली ती सूक्ष्मदर्शक आणि समुद्रतळाच्या वाळक्या गाळाच्या डब्या घेऊन. गावाबाहेर मिरची वाळत पडलेली, वारा फिरला की घरात ठसका. एका शिंकेत सगळे शंख उडतील म्हणून ती खिडक्या लावून बसायची. ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक शंख उचलून काळ्या कागदावर ठेवायची.

एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर ती नुसतीच बसली होती.

"ताई, जरा डोळा लाव इथे."

लहानापासून मोठ्यापर्यंत शंखांची रांग होती.

"पहिला माझ्या जातीचा. शेवटचा खूप जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या जातीचा. त्याच्या तोंडाला जाड कड आहे, माझ्याला नाही. म्हणून मी वेगळी जात म्हटलं. आता मधले बघ."

मधल्या शंखांची कड हळूहळू जाड होत गेली होती. मलाही दिसलं.

"म्हणजे?"

"म्हणजे माझी गोगलगाय वेगळी नव्हतीच. या दुसरीचंच पिल्लू होतं ते."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. खिडक्या तर बंद होत्या. तिला जवळ घ्यावं की चहा पुढे करावा, मला सुचेना.

तेवढ्यात आई आली. "काय व्हयनं?"

"हिची गोगलगाय..." मी अडखळले. "ती आता नाही म्हणे."

"मरी गई का?"

"नही वं माय," बहीण म्हणाली, "समुद्रमा शे. पन ती दुसरीच शे."

"मंग तुन्ही कोनती?"

"मन्ही कोनतीच नही."

आई कागदाकडे बघत राहिली. नंतर स्वयंपाकघरात तिने मला हळूच विचारलं, "कोनी चोरी लिधी का पोरनी गोगलगाय?"

चोरलेली नव्हती, मेलेली नव्हती, हरवलेलीही नव्हती. शंख तर समोरच होते.

संध्याकाळी मी बहिणीला म्हटलं, "सांगायलाच हवं का हे कोणाला?"

"दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगते," ती म्हणाली आणि लगेच शोधनिबंध लिहायला बसली.

पावसाळ्यात तिचा फोन आला. तिचं म्हणणं मान्य झालं होतं. जुनं नाव राहिलं, तिने दिलेलं गेलं. आवाजात आनंद होता, अगदी खरा. अभिनंदन करायचं की सांत्वन, मला ठरवता येईना.

"जेवलीस का?" मी विचारलं.